बाकाची उंची

लोह्याच्या रस्त्याला नवी शाळा झाली,
भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास.
समिती आत बसलीय, मी व्हरांड्यात
बाभळीच्या फळ्यांशेजारी.
सकाळीच म्हणालो होतो,
मला एवढंच सांगा,
बाक किती उंच करू?

विषय क्रमांक नऊ.
ज्यांची दहावी राहिली, त्या थोरल्यांचा वर्ग
सांजच्याला भरवायचा का नाही.

पतंगे सर म्हणतात, लाईटचं बिल कोण भरणार?
उपसरपंच म्हणतात, पोरींच्या शाळेत
मिशीवाले गडी येणार रात्री,
गाव काय म्हणंल?
(खरं सांगू, मलाही लेक आहे,
माझाही रंधा तिथं जरा अडला.)
कुणी म्हणतं, सतरा नंबरचा फॉर्म आहे की,
भरा अन् घरीच अभ्यास करा.

बचत गटाची खुर्शीदबी
इतका वेळ गप होती.
"भरला होता. दोन बार.
घरात पुस्तक उघडलं
की कुणाला तरी पाणी पाहिजे असतं."

सगळे हसले.
मग एकेक जण हसायचा थांबला.

सहावीला चौदा इंच, दहावीला सोळा,
मोठ्या माणसाला अठरा लागतात,
नाहीतर गुडघे हनुवटीला टेकतात.
मी सातवीत होतो, बापानं करवत हातात दिली.
दाराची चौकट काटकोनात बसवायला
तीन, चार, पाच असं माप धरतो मी, तीस वर्षं झाली.
त्याला नाव आहे, एका परदेशी माणसाचं,
हे परवा लेकीच्या वहीत कळलं.
ती म्हणाली, बाबा, तुम्हाला हे येतं?
मी म्हणालो, येतं. वाचता येत नाही.

दुपार कलली. शिपाई बाहेर आला.
"ठरलं नाही. पुढच्या मिटिंगला बघू म्हणले.
पण बाक शनिवारी पाहिजेत."

लांब ठेवलेला पाय मागाहून कापता येतो.
आखूड कापलेल्याला काय करणार?
पेन्सिल कानावरून काढली,
अठरावर खूण केली.
लहानग्यांचे पाय लोंबतील,
म्हणून खाली एक आडवी पट्टी ठोकली.
बिलात ती नाही.

पहिला बाक उभा केला.
कुणी बघत नाही असं पाहून
बसलो.
डुगडुगत नाही.
आत विषय क्रमांक दहा चाललाय,
पाण्याच्या टाकीचा.