कोबीची काठी

आमच्या जर्सी बेटावरचा हा कोबी गड्डा धरत नाही.
उंच जातो, नुसता उंच जातो.
खालची पानं खुडत जावीत तसतसा वर सरकतो,
नऊ फुटांवर हिरवा झुपका,
खाली दांडा, आणि पान गेलं तिथं तिथं व्रण.
पानं गाईंना, दांडा मला.
वर्षभर माळ्यावर वाळवायचा, तासायचा, घासायचा,
तीनदा व्हार्निश, टोकाला पितळी टोपी.
बोटीनं आलेले पाहुणे काठी उचलून बघतात,
"इतकी हलकी?" म्हणत, हसत विकत घेतात.
चाळीस वर्षं.
हाडाचा कारागीर, म्हणतात मला.

हाडांतलं मला काय कळत होतं?

आदेल स्वयंपाकघरात पडली. पडली म्हणजे
फक्त वळली, किटलीकडे.
आधी खुबा मोडला की आधी ती पडली,
डॉक्टरांनाही सांगता येईना.
पडद्यावर त्यांनी तिचं आतलं दाखवलं :
विरत आलेलं कोळ्याचं जाळं,
धक्क्यावर कुणी टाकून दिलेलं.
मग खाण्याची यादी दिली.
दुधाच्या खाली लगेच : केल, कोबी, ब्रोकोली, सलगम.
"सलगम," आदेल म्हणाली,
आणि कागद पालथा ठेवला.

जर्मन बेटावर आले तेव्हा ती चार वर्षांची होती,
गेले तेव्हा नऊ.
शेवटच्या हिवाळ्यात सकाळी सलगम, रात्री सलगम,
नसेल त्या दिवशी काल उकडलेल्याचं पाणी.
मुलांची हाडं भरायची वर्षं ती.
तेव्हा जमा होतं, म्हणाले डॉक्टर,
पुढं जन्मभर त्यातूनच काढत राहायचं.
मी घरी येईपर्यंत हिशेब करत होतो,
त्या पोरीनं काय जमा केलं असेल.

मग इव्होन येऊ लागली, मदेराची,
सकाळी आठ ते दोन.
तिसऱ्याच दिवशी माझ्या रांगेतून पानं खुडून आणली.
"गुरांची आहेत ती," मी म्हटलं.
"आमच्याकडे माणसांची," ती म्हणाली.
पानांची विडीसारखी घट्ट वळकटी केली,
केसांइतकी बारीक चिरली,
उकळत्या बटाट्याच्या सुपात सोडली,
हिरवी आहेत तोवर उतरवली, वर ऑलिव्हचं तेल.
"पालकाकडेही कॅल्शियम असतं," ती म्हणाली,
"पण तो मुठीत धरून बसतो. हा देतो."

आदेलनं वाडगा सरकवला. "मी गाय नाही."
दुसऱ्या दिवशीही सरकवला.
तिसऱ्या दिवशी इव्होननं आग्रह केला नाही,
समोर बसून स्वतःच खाल्लं, पाव बुडवून,
बोटं चाटून.
चौथ्या दिवशी आदेलनं चमचा उचलला.
बराच वेळ काही बोलली नाही.
"त्या दिवसांचा वास नाही याला," म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"तेव्हा तेल नव्हतं."

लग्नात तिचं डोकं माझ्या कानाशी लागायचं,
आता खांद्याशीही नाही.
माझी काठी तिनं कधी हातात धरली नाही.
"कोबीवर टेकून चालू? सेंट वाँमध्ये तोंड कसं दाखवू?"
दवाखान्याची अल्युमिनियमची चौकट ढकलते,
खडखड करत, कपाळाला आठ्या घालून.
सूप पिऊन हाड परत भरतं का,
मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.
त्यांनीही आपण होऊन काही सांगितलं नाही.

काल मात्र चौकटीसकट दारापर्यंत आली,
तिथून बांधावर,
भिंतीकडून तिसऱ्या दांड्यापाशी थांबली.
"हा वाळायला किती दिवस?"
"वर्ष. जाड आहे, जास्तच लागेल."
ती खालून वर बोटानं व्रण चाचपत गेली,
मणके मोजावेत तशी,
हात पुरेना तिथं थांबली.

"मग इतक्यात कापू नकोस," म्हणाली,
"वर पानं आहेत अजून."