मागचा डावा दिवा

मसाफीच्या उतारावर त्याने हात केला.
पिकअप बाजूला घेतली. मागे एसीचे डक्ट,
बारा नग, काथ्याने आवळलेले,
पुढे मी आणि सुकटीचा रिकामा डबा.

पोलीस म्हणजे पोरगाच, माझ्या तौसीफच्या वयाचा.
गाडीभोवती फेरी मारली,
बाजारात बैलाभोवती मारतात तशी,
वाकून टायरवर कोरलेलं साल वाचलं,
मागे गेला. म्हणाला, ब्रेक दाब.
दाबला.
पुन्हा दाब.
दाबला.
मला काय दिसणार? मी पुढे.
अकरा वर्षं चालवतोय हिला,
हिची पाठ मी फक्त उभी असताना पाहिलीय.

कागद अरबीत. खाली आपल्यासाठी इंग्रजीत दोन ओळी:
मागचा डावा दिवा बंद.
मागच्या टायरचं वय झालं.
मुदत चौदा दिवस.

टायर घेतला, उधारीवर.
बल्ब पाच दिरहमचा, तो रात्री खोलीखाली स्वतःच बसवला.
पण ब्रेक दाबू की मागे जाऊन बघू?
पेडलवर पाण्याचा कॅन टेकवला, सरकला.
वीट ठेवली, पडली.
शेवटी पंक्चरवाला गुलज़मीन हात पुसत आला,
मागे उभा राहिला, म्हणाला, जळतोय उस्ताद,
सोड आता, बॅटरी खाशील.

आता खरी गंमत. पाटी शारजाची, कागद फुजैराचा.
शारजाच्या खिडकीतली बाई म्हणाली,
गाडी ठणठणीत, पण कागद आमचा नाही.
फुजैराच्या खिडकीतला म्हणाला,
कागद आमचा, पण गाडी तुमच्याकडची,
तिकडून लिहून आणा.
शंभर किलोमीटर जायला, शंभर यायला,
दोन खाडे, डिझेल पदरचं.

जैबूचं नाव आठवलं, धाकट्या बहिणीचं.
तिला माणगावला दिली तेव्हा रेशनकार्डावरून
बाणकोटला कमी झालं,
माणगावला चढलंच नाही.
कमी केल्याचा दाखला आणा, म्हणे तिकडचे.
चढवल्याचा आणा, मग कमी केल्याचा देतो, म्हणे इकडचे.
तीन वर्षं माझी बहीण कुठेच जेवत नव्हती.

माझाही एक कागद आहे, पाकिटात, घडीवर फाटलेला.
कंपनीच्या दवाखान्यातला. साखर.
गावी गेल्यावर दाखवा, म्हणाला इथला डॉक्टर.
गावचा म्हणाला, राहता तिथे दाखवा.
त्याच्यावर मुदत घातलेली नाही कुणी.

बाराव्या दिवशी फुजैराच्या खिडकीमागचा उठला.
खलफान त्याचं नाव, पोट सुटलेला, हातात चहाचा कागदी पेला.
काय वाटलं त्याला कुणास ठाऊक.
बाहेर आला, चव्वेचाळीस डिग्रीत,
गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.
ब्रेक, म्हणाला.
दाबला.
आरशात त्याचा पांढरा झगा तेवढा दिसला,
गुडघ्यापाशी किंचित लाल.
बोनेटवर कागद ठेवून शिक्का मारला,
पेला तिथेच विसरून गेला.

संध्याकाळी परत येताना मसाफीच्या वळणावर
ब्रेक दाबला. गरज नव्हती.
मागे टँकर होता, कुणाचा, कुठल्या पाटीचा, अंधारात कळलं नाही.
त्याने वेग कमी केला.