खिळे आणि नळी

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
पूर्वी या शेडमध्ये पंखे बनायचे.
आता तळघरात पंचवीस मीटरची रेंज आहे,
आणि रेंज बंद झाली की मी पिस्तुलांच्या नळ्या साफ करतो.
त्याआधी एकतीस वर्षं चरईच्या छापखान्यात
खिळे जुळवले. लग्नपत्रिका, बहुतेक.
'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे तर
डोळे मिटूनही जुळवायचो.

सुभेदार गावंड क्लबच्या परवान्यावर गोळ्या ओततात.
बॅटरीचं शिसं भंगारवाल्याने आणलं,
ते त्यांनी दारातूनच परत पाठवलं.
जुन्या नळांचं घेतलं. मऊ.
नखाने ओढलं तर ओरखडा उठायचा.
हर्षला भोईरने त्यातल्या पन्नास झाडल्या.
पहिल्या वीस काळ्यात बसल्या,
मग कागदाला लांबट भोकं पडू लागली,
गोळी आडवी पडून गेल्यासारखी.
"सर, माझा हात हलला नाही."
"हात नाही गं, नळी बुजली."

दिव्यासमोर धरून पाहिलं.
जिथून पीळ सुरू होतो तिथेच
करडी खरपुडी, पातेल्याच्या तळाशी
भात लागावा तशी.

तेव्हा मी म्हणालो, घरी पलंगाखाली
चाळीस किलो खिळे आहेत.
छापखाना मिटला तेव्हा मालकांनी
शेवटच्या दोन पगारांऐवजी दिलेले.
त्यात कथील असतं, सुरमा असतो,
हजार वेळा दाबला तरी
अक्षराचा कान झिजू नये म्हणून.

दार उघडं टाकून, पंखा लावून वितळवले.
रफार आधी गेले. मग वेलांट्या.
मथळ्याचा मोठा 'श्री' गावंडांच्या हातात घुटमळला.
"हा ठेवू का बाजूला?"
ठेवला. आता चिंध्यांवर वजन म्हणून असतो.

नवी गोळी नखाला दाद देईना.
पण नुसतं कठीण असून भागत नाही, गावंड म्हणतात.
नळीहून केसभर जाड हवी.
सैल राहिली तर कडेने गरम वायू निसटतो
आणि जाता जाता शिसं चाटून नळीला लावतो.
खाचेत मेण हवं, आणि वेगाची हाव नको.
(हे शेवटचं ते हर्षलाकडे बघून म्हणतात.)

तरी थोडं चिकटतंच.
नळी उतरवायची, तेल सोडून रात्रभर ठेवायची,
जुन्या ब्रशला तांब्याच्या घासणीची तार गुंडाळायची,
पाठीकडून घालायची, तोंडाकडून नाही.
तोंडाची कड दुखावली तर नेम गेला.
पांढऱ्या चिंधीवर चंदेरी पापुद्रे उतरतात,
पेढ्यावरच्या वर्खाइतके पातळ.
मी ते दिव्याजवळ नेतो. सवय.
एकदा वाटलं, हा 'ज्ञ'चा पाय.
नव्हता. काहीच नसतं ते.

छापखान्यात आम्ही याच हातांनी भाकरी मोडायचो.
शिसं उतरतं म्हणून मालक रोज गुळाचा खडा द्यायचे.
गूळ गोड होता, एवढंच.
वैतींचं उजवं मनगट लुळं पडलं, तेव्हा ते पन्नाशीतही नव्हते.
शेवटची पत्रिका त्यांनी डाव्या हाताने जुळवली,
मुलीचीच.
इथे मी हातमोजे घालतो.
चिंध्या झाकणाच्या डब्यात,
हात साबणाने, गार पाण्याने, कोपरापर्यंत.
शर्ट इथेच खुंटीला राहतो. घरी नात रांगते.

खिळ्यावरचं अक्षर नेहमी उलटं.
नळीतला पीळ मात्र या टोकाने पाहा की त्या,
उजवाच दिसतो.
हे मला कळायला साठी उलटावी लागली,
आणि कुणाला सांगावं तर
यात सांगण्यासारखं काय, असं म्हणतील.

हर्षला चहा घेऊन जिन्यावर उभी आहे.
आत आणत नाही, तिला नियम पाठ आहे.
"काका, निवतोय."
आणखी एक चिंधी.
ही करडी आली. पुढची बघू.