माप

उंची मोजायची पट्टी
दोन महिन्यांपासून तुटलेली.
सिस्टरना म्हटलं, टेप बघा कुठे.
टेबलावरून मैना ढवारे म्हणाली,
माझ्या पिशवीत आहे, बाई.
भवानी पेठेत ब्लाउज शिवते मी.

कळा चालू होत्या तरी चुकीचं माप
तिला बघवेना.
टाचेपासून धरा, घोट्यापासून नाही.
एकशे एकेचाळीस.

खांबेटे सर सगळ्यांना दोन मिली द्यायचे.
उंच, ठेंगणी, जुळ्याची, पहिलटकरीण,
दोन.
कमी पडलं तर बाई ओरडते, म्हणायचे,
जास्त झालं तर आपण.
त्यांच्याच हाताखालची एक रात्र:
एवढीशी मुलगी, बोटं बधिर झाली म्हणाली,
मग श्वास लागत नाही म्हणाली,
मग थोडा वेळ काहीच म्हणाली नाही.
वाचली. बाळही.
सर चहा न घेता घरी गेले.

सिरिंजमध्ये एक पूर्णांक सहा.
मग सात.
मग परत सहा.
दशांश चिन्हापाशी कुणी इतका वेळ उभं राहतं का,
सर्जनच्या भुवया विचारत होत्या.

पाठ मांजरीसारखी कर, म्हटलं.
तिने मशिनवर वाकल्यासारखी केली.
चालेल. दोन मणक्यांमध्ये
काजाएवढी जागा उघडली.
सुई, अडथळा, बारीकसा टक्,
आणि थेंब,
आमच्या नळाला कधीच येत नाही
इतकं स्वच्छ पाणी.

उजव्या कुशीखाली टॉवेलची घडी.
स्पिरिटचा बोळा. गार लागतंय?
मांडीला नाही. बेंबीला नाही.
इथं लागतंय,
आणि बोटाने तिने छातीवर
गळ्याची खूण करतात तशी
आडवी रेघ ओढली.
नेमकी तिथेच हवी होती मला.

प्रेशर ब्याण्णव. थोडं औषध. एकशे चार.
तीन वाजून सात मिनिटांनी मुलगी,
रागावलेली.
बाहेर रामोशी गेटकडे दुधाचा टेम्पो
रिव्हर्स घेत होता.

टेप माझ्या खिशातच राहिली.
दुपारी द्यायला गेले तर
चादरीखाली दोन्ही अंगठे हलत होते.
माझेच आहेत ना, ती म्हणाली,
आणि परत हलवून पाहिले.

आता घरी जाताना खोड लागली आहे,
बायका नजरेने मोजायची.
बसस्टॉपवरची ती, एक पूर्णांक आठ.
भाजी घेणारी, दोन, कदाचित जरा वर.
सिग्नलला स्कूटरवर
तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या
ओळीने थांबलेल्या असतात.
बसलेल्यांची उंची कळत नाही.