वरून प्रॉब्लेम आहे

पिंपळनेरात माझा फोन वाजला
की समजावं, कुणाच्या तरी घरी लाल दिवा लागलाय.
मी शिडी मोटरसायकलला आडवी बांधतो
आणि पोचायच्या आधीच
ठरलेलं वाक्य तोंडात तयार ठेवतो:
वरून प्रॉब्लेम आहे.

बाजारात दोन पाट्या आहेत, एक निळी, एक नारंगी.
लोक म्हणतात, ह्यांचं नको, त्यांचं घेऊ.
दोन्ही पाट्यांखाली एकच काउंटर,
एकच दोधू बोरसे, दोन पावतीपुस्तकं.
खांबावर चढणारा मी एकटा.
तार एकच.
"काढून टाक तुझी लाईन," कौतिकनाना ओरडतात.
मी विचारतो, "काढू?"
मग नानाच विषय बदलतात, चहा सांगतात.

पोळ्याच्या सुमाराला नवा प्लॅन आला.
कंपनीचं स्वतःचं ॲप सुसाट, बाकीचं जमेल तसं.
पत्रकात अर्थात
फक्त सुसाट छापलं होतं.

उज्ज्वला निकुंभ मोबाईलवर ब्लाउजचं कटिंग शिकवते.
अकरा बायका. चार नवापूरच्या,
बाकीच्या उधन्याला, कापडगिरणीत गेलेल्यांच्या घरच्या.
खडूने गळा आखेपर्यंत नेट चालतं.
कात्री कापडाला लागली की चित्र थांबतं,
पलीकडे अकरा कात्र्या हवेत.
परवा एकीने अंदाजाने कापलं.
आईच्या साडीचं कापड होतं म्हणे.

मी बॉक्स उघडला, टोक पुसलं, जॉइंट पुन्हा केला.
आतली काच केसाएवढी असते,
बोटात घुसली तर दिसत नाही, नुसती दुखते.
ती म्हणाली, "तुमचं ॲप लाव बरं."
लावलं.
कुठल्याशा मालिकेतलं सासूसुनेचं भांडण
एकदाही न अडखळता धो धो वाहिलं.
"मंग तार खराब नही," ती म्हणाली.
"पानी शे. बारं कोनी तरी दाबी ठेयेल शे."
मी म्हणालो, वरून प्रॉब्लेम आहे.
सात वर्षांत पहिल्यांदा
ते वाक्य खरं होतं.

पाण्याचं तिने उगाच काढलं नाही.
माझा आजा झिपरू, पांझरेच्या फडावर पाटकरी.
बंधाऱ्यापासून शेपटापर्यंत, खांद्यावर फावडं,
शेत कुणाचं ते पाण्याला कधी कळू द्यायचा नाही.
एका उन्हाळ्यात बड्या खातेदाराने
रात्री गुळाची भेली पाठवली,
आमचं बारं जरा पहाटेपर्यंत राहू दे.
पुढचं गाव दोन तऱ्हांनी सांगतं.
एकीत आजा भेली परत करतो.
दुसरीत माझा बाप लहान असतो, आणि गूळ खातो.
बापाला विचारलं तर एवढंच म्हणतो,
गूळ चांगला होता.

मला भेली कुणी पाठवत नाही.
सात तारखेला पगार येतो,
आणि सोडायचं म्हटलं
तर या तालुक्यात
मलाही दुसरी कंपनी नाही.

उज्ज्वलाने आता वेगळंच काढलंय.
जुन्या पेपरवर मापं आखते, गळे, बाह्या, कटोऱ्या कापते.
अकरा गुंडाळ्या, अकरा रबरबँड, प्रत्येकीवर नाव.
नवापूरची गाडी सव्वासातला लागते.
कंडक्टरने पुडकं हातात तोललं,
आत काय ते विचारलं नाही,
सीटखाली सरकवलं. तिथे आधीच
कुणाची कोंबडी होती, शेवग्याच्या शेंगा,
कोर्टाचे कागद भरलेली एक पिशवी.
सगळं एकाच वेगाने चरणमाळचा घाट उतरलं.

पुडकं वर द्यायला हात मीच लावला,
अंगात कंपनीचं जाकीट,
शिडी स्टँडच्या भिंतीला टेकवलेली.
बिल ती अजून वेळेवर भरते.
पावती मीच फाडतो.