चोविसावा दिवस

पत्र लेंगऱ्यात पोचलं तेव्हा
तीसमधले नऊ दिवस टपालानंच खाल्ले होते.
पोरीनं वाचून दाखवलं: पासपोर्ट नामंजूर.
कारण एका ओळीत,
त्यातही आडनाव चुकलेलं.

गुंटूरला भट्टी होती तेव्हाची गोष्ट.
कुणी पाटल्या वितळवायला आणल्या,
मी वितळवल्या.
चोरीचं आहे, हे सोनं बोलत नाही.
अकरा वर्षं तारखा पडतात.
साक्षीदार येत नाही. मी जातो,
दोन रात्री रेल्वेत बसून.

विट्याच्या मुलाणी वकीलबाई म्हणाल्या,
'अपील करता येतं, काका. उपकार नाही तो, हक्क आहे.
पण पत्र मिळाल्यापासून की निघाल्यापासून,
यावर भांडत बसायला नको.'
मी बोटांवर मोजलं. पेरं कमी पडली नाहीत,
एवढंच.

लिहा, म्हणालो.
गुन्हा शाबीत नाही.
एकही तारीख चुकवलेली नाही.
शारजात नात झालीय,
तिचं बारसं मोबाइलवर बघितलं, मधेच रेंज गेली,
नाव ऐकायचं राहिलं.

बाई थांबल्या. 'हे कुठल्या कलमात बसवू?'
तरी टाइप केलं त्यांनी.

जन्मभर तेजाबात हीण विरघळताना बघितलं,
सोनं तळाला राहायचं,
टंच काढून चिठ्ठीवर लिहून द्यायचो.
माझा टंच आता दिल्लीत निघणार,
मला न बघता.

पोस्टातला पोरगा विचारतो, साधं का रजिस्टर?
रजिस्टर कर बाबा.
आणि शिक्का नीट उमटव,
तारीख वाचता आली पाहिजे.