उचलून पाहिली

मे महिन्यातला पहिला शनिवार. केमीत अजून रस्त्यांवर
हिवाळ्यात टाकलेली वाळू तशीच आहे.
वळणावर चाक तिच्यावरून सरकतं, पोटात गोळा येतो,
आणि यार्को म्हणतो, "चारही ने, इर्मेली, सावकाश ने,
फक्त गाडीबरोबर तूही परत ये."
तो आईच्या कडेवर होता तेव्हापासून मी त्याला ओळखते.
आता दुकान त्याचं, आणि माझ्या वयाबद्दल तो गप्प.

पहिली भलीमोठी, सोफ्यासारखी.
मुठी गरम, सीट गरम, मागे जायचाही गियर.
तिला वारा माहीतच नाही. काचेआडून मी मान बाहेर काढली
तेव्हा कुठे तो भेटला, जुन्या ओळखीने गालावर चापट मारून.
पुलापर्यंत जाऊन आले.
तिला माझी काही गरज नव्हती. अशी माणसंही पाहिली आहेत मी,
एकाशी तर अकरा वर्षं संसार केला.

दुसरी उंच. इतकी, की बंदरातल्या
माझ्या क्रेनची केबिन आठवली.
एकतीस वर्षं तिथे बसून कागदाची रिळं जहाजांत उतरवली,
एकदाही कुणाच्या पायावर नाही.
पण क्रेनला सिग्नलपाशी पाय टेकावा लागत नाही.
लाल दिवा, जरासा उतार, माझ्या बुटाचं टोक
जमीन शोधतंय, शोधतंय,
शेजारच्या सायकलवरच्या पोराने हँडल धरलं.
"आजी" म्हणाला नाही, एवढे त्याचे उपकार.

तिसरी विजेची.
बटण दाबलं आणि काहीच झालं नाही,
आणि आम्ही निघालो होतो.
शेतातून क्रौंच ऐकू आले, आधी दोन, मग पुष्कळ,
नदीवर बर्फ फुटत होता तो ऐकू आला,
कुणी कपाटातली काचेची भांडी हलवावीत तसा,
आणि हेल्मेटच्या आत कुणीतरी
मोठमोठ्याने श्वास घेत होतं, दमलेलं.
मी वेग वाढवला. ते माझ्याबरोबरच आलं.

चौथी छोटी, वापरलेली, टाकीला डावीकडे पोचा.
"पोरं शिकायला नेतात हिला," यार्को म्हणाला.
मी हसले. बसल्यावरही हसतच होते,
गोदामांमागे, आठचे आकडे काढत,
एकटीच.

मग तो म्हणाला, तुझी जुनी एक चक्कर मारून बघतो,
किंमत लावायला हवी ना.
आणि माझी गाडी माझ्याशिवाय फाटकाबाहेर गेली.

बावीस वर्षं तो आवाज मी वर बसून ऐकला आहे,
मांड्यांमधून, दातांमधून.
लांब जाताना तो कसा होतो, ठाऊकच नव्हतं.
दुसऱ्या गियरला एक खोकला, कारखान्याच्या भिंतीशी
घोगरा, मग पातळ होत होत
नुसती एक रेघ.
माझी सायमी, रात्रपाळीला मी निघाले की
खिडकीशी उभी असायची. वाटायचं, हात हलवायला.
तिने हे सगळं ऐकलं तर, शेकडो रात्री,
शेवटच्या रेघेपर्यंत,
आणि कधी सांगितलं नाही.
किंवा सांगितलं असेल. माझ्या डोक्यावर हेल्मेट असणार.

यार्को परत आला, आकडा बोलला. मी घासाघीस केली नाही.
"मग, कोणती?"
म्हटलं, ती चौथी इकडे कडेला आण आणि आडवी पाड.
"पाडू?"
पाड.
बाळ निजवावं तसं त्याने तिला निजवलं.
मी तिच्याकडे पाठ केली, खाली बसले,
एक हात हँडलला, एक सीटखालच्या दांडीला,
दुखरी कंबर बाजूला काढून ठेवता येत नाही, तीही घेतली,
आणि टाचा रोवत मागे मागे रेटत
उभी राहिले. तीही राहिली.
दोघींच्या अंगाला वाळू.
सोफा मला उचलला नसता. उंच तर नाहीच नाही.
माझ्या घरापुढे चाळीस किलोमीटर माणूस भेटत नाही,
मला तिकडेच जायचंय.

सह्या केल्या. जुनीची किल्ली द्यायची होती,
त्याच कडीत सौनाची किल्ली,
कडी गंजलेली, नखाने उघडेना.
यार्को थांबून राहिला,
बाहेर बघत, जणू घाई कुणालाच नाही.